क उजव्या हाताला, काना डाव्या हाताला

टेबलावरच्या कीबोर्डकडे एकदा नीट बघा. क्यूच्या खाली ए आहे, पण तो सरळ खाली नाही, जरा उजवीकडे सरकलेला आहे. एच्या खालचा झेड आणखी सरकलेला. सगळ्या रांगा अशा तिरक्या कशासाठी? आजचा कीबोर्ड उघडून पाहिला तर आत याचं कारण सापडत नाही. ते दीडशे वर्षांपूर्वीच्या लोखंडात आहे. ख्रिस्तोफर लॅथम शोल्सने १८६८ साली अमेरिकेत टंकलेखन यंत्राचं पेटंट घेतलं आणि १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र बाजारात आणलं. त्यात प्रत्येक कळीखालून एक दांडी मागपर्यंत जात असे. खालच्या रांगेतल्या दांडीला वरच्या दोन कळांच्या मधून वाट काढावी लागे, म्हणून रांगा सरकवल्या. दांड्या कधीच गेल्या. लॅपटॉपच्या पातळ पत्र्यातही तिरकेपणा मात्र तसाच आहे, आणि आपल्यापैकी फारच थोड्यांनी त्याबद्दल कधी विचारलं असेल.

आता दोन्ही हात टेबलावर सहज ठेवा. खांद्यांच्या रुंदीइतकं अंतर आपोआप पडेल आणि कोपरापासून मधल्या बोटापर्यंत एक सरळ रेघ दिसेल. तेच हात कीबोर्डवर न्या. दोन्ही पंजे छातीसमोर एकत्र येतात, कोपरं बाहेर जातात आणि बोटं रांगेवर सरळ बसवण्यासाठी मनगटं करंगळीच्या बाजूला वाकतात. दिवसाचे सात-आठ तास ती तशीच राहतात. आपले सरकार सेवा केंद्रात सातबारा आणि दाखल्यांचे अर्ज भरणारे ऑपरेटर, तहसील कचेरीसमोर बसणारे टंकलेखक, लिपिक-टंकलेखक पदासाठी मिनिटाला मराठी ३० शब्दांचा वेग गाठायला धडपडणारी मुलं-मुली, सगळ्यांची मनगटं याच कोनात.

कीबोर्डची पाटी मधोमध कापून दोन्ही अर्धुकं हातांच्या जागी न्यावीत, ही कल्पना जुनी आहे. १९१५ साली हाइडनर नावाच्या संशोधकाला अमेरिकेत दुभंगलेल्या कळपाटीचं पेटंट मिळालं. १९२६ मध्ये जर्मनीत क्लॉकेनबर्गने टंकलेखन यंत्राविषयी लिहिताना हाच मुद्दा मांडला. १९७२ मध्ये क्रोमरने माणसांना प्रत्यक्ष बसवून अशा पाटीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच दशकात ब्रिटनमध्ये लिलियन माल्ट आणि स्टीफन हॉबडे यांनी मॉल्ट्रॉन ही ओंजळीसारखी खोलगट पाटी बनवली. माल्टबाई मुळात टंकलेखनाचं प्रशिक्षण देणाऱ्या. बोटं कुठे अडखळतात हे त्यांनी शिकणाऱ्यांच्या हातांत पाहिलं होतं. तरीही अशा पाट्या महाग आणि दुर्मीळ राहिल्या. चित्र पालटलं ते गेल्या दहा-बारा वर्षांत. हौशी लोकांनी आपापल्या कीबोर्डचे नकाशे फुकट वाटायला सुरुवात केली आणि दुभंगलेला कीबोर्ड घरच्या टेबलावर तयार होऊ लागला.

त्यातला ‘कॉर्ने’ हा नकाशा मला सर्वांत देखणा वाटतो. जपानच्या एका अभियंत्याने ‘फूस्तान’ या नावाने तो सर्वांसाठी खुला केला. एका अर्धुकात २१ कळा, दोन्हींत मिळून ४२. रांगा तिरक्या नाहीत. त्याऐवजी उभे स्तंभ वर-खाली सरकवलेले आहेत, कारण मधलं बोट लांब आणि करंगळी आखूड. शिवाय प्रत्येक अंगठ्याला तीन कळा. नेहमीच्या कीबोर्डवर हाताचं सर्वांत बळकट बोट फक्त स्पेसबार दाबत बसलेलं असतं, हे लक्षात आलं की त्या तीन कळांचं मोल कळतं.

सामान मोजकं आहे. ४२ स्विच, ४२ डायोड, दोन मायक्रोकंट्रोलर, दोन अर्धुकांना जोडणारी चार वाहकांची ऑडिओ केबल, यूएसबी केबल आणि कळांच्या टोप्या. स्विच ज्या पत्र्यात बसतात त्याची भोकं बरोबर १४ मिलिमीटर चौरस लागतात आणि पत्रा दीड मिलिमीटर जाड, नाहीतर स्विचच्या चिमट्या धरत नाहीत. हे सुटे भाग पूर्वी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नाहीतर पुण्याच्या बुधवार पेठेत जाऊन शोधावे लागत. आता बहुतेक सगळं पार्सलने आमच्या भंडाऱ्यात येतं. छापील सर्किट बोर्ड मागवायचा नसेल तर डायोडच्या पायांनी रांगा आणि तांब्याच्या तारेने स्तंभ जोडूनही तेच काम होतं. मला स्वतःला ही हाताने तार ओढण्याची पद्धत अधिक आवडते, कारण त्यात वीज कुठून कुठे जाते हे डोळ्यांना दिसतं.

एका अर्धुकात कळा २१, पण मायक्रोकंट्रोलरकडे तारा जातात फक्त दहाच: चार रांगांच्या आणि सहा स्तंभांच्या. प्रत्येक कळ एका रांगेच्या आणि एका स्तंभाच्या छेदावर बसते. मायक्रोकंट्रोलर एकेका रांगेला क्षणभर इशारा देतो आणि सहाही स्तंभ वाचतो. मग पुढची रांग. हा फेरा सेकंदाला शेकडो वेळा चालू असतो. तुमचं बोट कळ खाली नेऊन वर आणेपर्यंत त्याने सगळी पाटी कितीतरी वेळा तपासलेली असते.

यात एक खोच आहे. समजा प, क आणि ब या तीन कळा एकाच वेळी दाबल्या गेल्या. वेगात लिहिताना बोटं एकमेकांवर चढतातच. मराठी मांडणीत प आणि क एका रांगेत आहेत, ब हा प च्या बरोबर वर आणि ग हा क च्या बरोबर वर. चौकोनाचे तीन कोपरे जुळले की वीज उलट्या वाटेने फिरून चौथ्या कोपऱ्यात पोहोचते आणि यंत्राला वाटतं की ग सुद्धा दाबला आहे. न दाबलेलं अक्षर उमटतं. म्हणून प्रत्येक कळीला एक डायोड. काचेचा तो दाणा तांदळापेक्षाही लहान असतो, एका टोकाला काळी रेघ असते, आणि वीज त्यातून एकाच दिशेने जाऊ शकते. उलटी वाट बंद झाली की चौथा कोपरा शांत राहतो. काळी रेघ चुकून दुसऱ्या बाजूला आली तर ती कळ मुकी होते, म्हणून डाग देण्याआधी सगळ्या रेघा एका दिशेला आहेत ना, हे भिंगातून बघावं.

आता प्रत्यक्ष सोल्डरिंग. भंडारा पितळेच्या भांड्यांचं शहर म्हणून ओळखलं गेलं. जिथे पितळ तिथे कल्हई आलीच. ज्यांनी कल्हई करताना पाहिली आहे त्यांना सोल्डरिंग नव्याने शिकवावं लागत नाही. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघतो, मग कथलाचा तुकडा फिरवायचा आणि चिंधीने पुसत न्यायचा. कथील पाण्यासारखं पसरतं आणि भांडं आतून चांदीसारखं होतं. सोल्डरिंगचं रसायन जवळजवळ हेच आहे. तांब्यावर हवेने चढलेला थर कथलाला चिकटू देत नाही. कल्हईत तो थर नवसागर काढतो, सोल्डरच्या तारेच्या पोटात भरलेली राळ काढते. थर गेला की वितळलेलं कथील तांब्याला नुसतं चिकटत नाही. दोघांच्या सीमेवर तांबं आणि कथील यांचं एक नवं संयुग तयार होतं. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. त्यात शिसं ठरावीक प्रमाणात मिसळलं, ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं, की वितळणबिंदू १८३ अंशांवर उतरतो. म्हणून नाजूक डायोड न जळता जोडता येतो.

जवळून पाहिलं तर ते असं दिसतं. सोल्डरिंग आयर्नचं टोक डायोडच्या पायाला आणि तांब्याच्या गोल टिकलीला एकदम टेकवायचं. दोन्ही तापायला एक-दोन सेकंद. मग दुसऱ्या बाजूने सोल्डरची तार लावायची. टोकाला नाही, तापलेल्या तांब्याला. राळेचा धूर वर येतो, तार क्षणात नाहीशी होते, आणि चकचकीत धातू पायाला धरून वर चढतो, एक छोटा शंकू तयार होतो. शंकू झाला की सांधा पक्का. मंद रंगाची गोल गोळी बसली तर टीव्ही दुरुस्त करणारे ज्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात ते झालं: बाहेरून जोडलेलं, आतून सुटलेलं. शिशाचं सोल्डर असेल तर खिडकी उघडी ठेवावी आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत. आणखी एक इशारा. दोन अर्धुकांमधली ऑडिओ केबल वीज चालू असताना कधीही काढू-घालू नये. ती आत सरकताना वेगवेगळे वाहक एकमेकांना घासत जातात आणि मायक्रोकंट्रोलर जळू शकतो.

स्विचच्या आत दोन धातूची पानं एकमेकांना भेटतात तेव्हा ती एकदाच भेटत नाहीत, काही क्षण थरथरतात. तुमच्या एका दाबाचे यंत्राला अनेक दाब वाटू शकतात. म्हणून पाटीवर चालणारी आज्ञावली, बहुतेक ठिकाणी क्यूएमके, साधारण ५ मिलिसेकंद थांबून थरथर शमल्याची खात्री करते. क्यूएमके ही सुद्धा खुली आणि मोफत. कोणती कळ काय पाठवेल हे तिच्यातल्या एका साध्या तक्त्यात लिहिलेलं असतं, आणि तो तक्ता तुम्ही बदलू शकता.

त्या तक्त्यात अक्षरं नसतात. कीबोर्डला क माहीतच नाही. उजव्या अर्धुकावर क ची कळ दाबली की ते अर्धुक डाव्याला रांग आणि स्तंभ कळवतं, डावं तक्ता बघतं आणि यूएसबीतून संगणकाला फक्त एक आकडा पाठवतं: १४. संगणक इंग्रजीत असेल तर त्याचा के होतो. मराठीत असेल तर १४ चा २३२५ होतो, कारण युनिकोडमध्ये क चा क्रमांक २३२५ आहे, आणि मग फॉन्ट त्याचं चित्र काढतो. तेलुगू चालू असेल तर त्याच कळीतून तेलुगू क येतो, बंगाली असेल तर बंगाली क. हा योगायोग नाही. कुणीतरी विचारपूर्वक तसं ठरवलं आहे.

त्या मांडणीचं नाव इन्स्क्रिप्ट. १९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं काम चाललं होतं. त्यातले मोहन तांबे पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले आणि तिथे जिस्ट हे तंत्रज्ञान वाढलं. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये सर्व भारतीय लिप्यांसाठी एक मांडणी ठरवली, १९८८ मध्ये ती सुधारली आणि १९९१ साली ती आयएस १३१९४ या भारतीय मानकात आली. टंकलेखन संस्थांत शिकवली जात आलेली रेमिंग्टन मांडणी डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने चालते. ‘कि’ लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. जुन्या टंकलेखन यंत्रांना दुसरा इलाज नव्हता, दांडी जिथे आपटेल तिथेच खूण उमटणार. इन्स्क्रिप्ट उच्चाराच्या क्रमाने चालते. आधी क, मग वेलांटी. ती डावीकडे नेऊन बसवण्याचं काम संगणक करतो.

आणि स्वरचिन्हं? ती जवळजवळ सगळी डाव्या हाताला. वरच्या रांगेत ौ, ै, ा, ी, ू. मधल्या रांगेत ो, े, पाय मोडण्याची खूण, ि, ु. व्यंजनं उजव्या हाताला: ब ह ग द ज ड, खाली प र क त च ट, त्याखाली ल, स, य. शिफ्ट दाबलं की अल्पप्राणाचा महाप्राण होतो, क चा ख, ग चा घ, त चा थ. मात्रेचा पूर्ण स्वर होतो, काना असेल तर आ. आपली बाराखडी चाळीस वर्षांपूर्वीच दोन हातांत वाटून दिलेली आहे. अखंड पाटीवर ते जाणवत नाही, कारण दोन्ही हात एकाच गर्दीत असतात. दुभंगलेला कीबोर्ड समोर ठेवला की ती वाटणी उघड दिसते: एक अर्धुक स्वरांचं, दुसरं व्यंजनांचं.

‘साकोली’ हे गावाचं नाव लिहून पाहा. स उजवा, काना डावा, क उजवा, ओकार डावा, ल उजवा, वेलांटी डावी. ‘भंडारा’ लिहा. भ उजव्या हाताने, अनुस्वार डाव्या, ड उजव्या, काना डाव्या, र उजव्या, काना डाव्या. दोन हात अखंड आळीपाळीने चालतात. एक दाबत असतो तेव्हा दुसरा पुढच्या कळीवर पोहोचलेला असतो. इंग्रजीसाठी क्वर्टी पाटीवर हे असं सहज घडत नाही. आपल्या भाषेची घडणच व्यंजन-स्वर, व्यंजन-स्वर अशी आहे आणि मांडणी करणाऱ्यांनी ती ओळखली. मला यातलं हे सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं.

पण ‘पवनी’ लिहा. प उजवा, आणि मग व, न, वेलांटी तिन्ही डाव्या हाताला, तेही एकाच तर्जनीने. उजवीकडे सगळ्या व्यंजनांना जागा पुरेना, म्हणून म, न, व डाव्या हाताच्या तळरांगेत आले. दुसरी अडचण करंगळीची. उजव्या करंगळीकडे ज, ड, च, ट, य अशी पाच अक्षरं, शिवाय झ, ढ, छ, ठ. मराठीत ‘च्या’ आल्याशिवाय परिच्छेद क्वचितच संपतो आणि त्यात च आणि य दोन्ही त्याच सर्वांत दुबळ्या बोटावर. तिसरी अडचण ४२ कळांच्या नकाशाची. इंग्रजी लिहिणाऱ्याला चौकटी कंस फारसा लागत नाही, म्हणून कॉर्नेच्या मूळ तक्त्यात त्याच्या जागी बॅकस्पेस आहे. आपल्याकडे त्या कंसाच्या कळीवर ड असतो. विकत घेतलेला कॉर्ने तसाच वापरला तर त्यावर भंडारा लिहिताना ड साठी थांबावं लागतं.

घरी बनवण्याचा खरा उपयोग इथे कळतो. मी तक्त्यात मराठीसाठी कळांचा एक वेगळा थर केला. बॅकस्पेस डाव्या अंगठ्याला दिलं आणि ड ला त्याची जागा परत मिळाली. शिफ्टही डाव्या अंगठ्याखाली. त्यामुळे क ला महाप्राणाची जोड अंगठा देतो आणि करंगळी आडवी ताणावी लागत नाही. उजव्या अंगठ्याच्या तीन कळांवर स्पेस, य आणि व. आता ‘च्या’ मधला य अंगठ्याने येतो, आणि पवनीतला व उजव्या हाताने. डाव्या तर्जनीला न आणि वेलांटी एवढंच उरतं. य च्या जुन्या जागेवर ृ ठेवला, एरवी तो आकड्यांच्या रांगेत दूर असतो. संगणकाला यातलं काहीच कळत नाही. त्याला तेच जुने आकडे मिळतात, फक्त ते वेगळ्या बोटाखालून निघतात. सेटिंग बदलावी लागत नाही, कोणतंही सॉफ्टवेअर टाकावं लागत नाही. ही पाटी कुठल्याही संगणकाला लावली तरी चालते, त्यात मराठी चालू असली म्हणजे झालं.

मनगटाचं दुखणं या पाटीने बरं होतं असं मी म्हणणार नाही. मनगट सरळ राहतं, हे मात्र मोजून पाहिलेलं आहे. बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. सवय व्हायलाही वेळ लागतो, सुरुवातीला वेग निम्म्याच्या खाली जातो. भरतीची परीक्षा तोंडावर असेल तर या भानगडीत पडू नये. परीक्षा केंद्रावर सरळ अखंड पाटीच मिळणार आहे.

आयटीआय आणि तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या मुला-मुलींना मात्र माझं आग्रहाचं सांगणं आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी पुन्हा तेच दिवे लावणारं-विझवणारं सर्किट करू नका. आपल्या गावातल्या सेवा केंद्राच्या ऑपरेटरताईंच्या शेजारी दिवसभर बसा, त्यांची कोणती बोटं ताणली जातात ते लिहून घ्या आणि त्यांच्या हाताच्या मापाची मराठी पाटी बनवा. खर्च काही हजार रुपयांचा आहे, चार मित्रांत वाटून घेता येईल. सुरुवातीला तर काहीच विकत घेऊ नका. संगणकावर मराठी इन्स्क्रिप्ट चालू करा, एका पुठ्ठ्यावर दोन्ही हातांचे ठसे काढून कळा आखा, आणि आपल्या आडनावातलं, गावाच्या नावातलं कोणतं अक्षर कोणत्या हाताला येतं ते त्यावर मांडून बघा. विंडोज आणि लिनक्स दोन्हींत इन्स्क्रिप्ट आधीपासून दिलेली असते. ती चालू करायला एक रुपयाही लागत नाही.